आइल ऑफ मॅन: भारतीय पासपोर्टवर हाऊस ऑफ कीजसाठी मत देता येतं का, आणि मेंबरला लिहून काही होतं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नर्स आहात, दोन वर्षं झाली आइल ऑफ मॅन बेटावर ऑन्कन गावात राहताय, नवरा गेल्या नोव्हेंबरात आला, मुलगी नर्सरीत जाते. घरमालक भाडं वाढवतोय, नर्सरीच्या फीमध्ये पगार चाललाय, व्हिसाचे नियम कधी बदलतील याची धास्ती आहे. तुम्ही विचारलंय की हाऊस ऑफ कीज म्हणजे मोठी नगरपालिका की खरंखुरं विधिमंडळ, तिथल्या मेंबरला इमेल टाकून उपयोग आहे का, आणि भारतीय पासपोर्ट असताना सप्टेंबरात मत देता येईल का.

मी या बेटावर बरीच वर्षं ट्रस्ट आणि कॉर्पोरेट सर्व्हिसेसमध्ये कंप्लायन्स, म्हणजे कायदे-नियम पाळले जाताहेत ना, ते बघते. कुठलं बिल कुठे पोचलंय, कुठल्या कलमात काय बदललं, कन्सल्टेशनला (सरकार कायद्याआधी लोकांची मतं मागवतं त्याला) काय उत्तर द्यायचं, हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे कीजकडे मी राजकारण म्हणून कमी आणि कामाची जागा म्हणून जास्त बघते, आणि उत्तरही त्याच अंगाने देते.

सगळ्यात आधी मताचं, कारण त्याला तारीख आहे. हो, तुम्हाला मत देता येतं. इथे मतदार व्हायला नागरिकत्व लागत नाही, वास्तव्य लागतं: वय १६ पूर्ण आणि बेटावर सलग १२ महिने राहिलेलं असणं. इंग्लंडमध्ये आपल्याला मत मिळतं ते राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून, इथे तोही मुद्दा नाही, तुम्ही इथे राहता एवढं पुरतं. मतदार यादीत नाव घातलं म्हणजे ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असं होत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टला काही होईल ही भीती काढून टाका. मी हे मुद्दाम ठासून सांगतेय कारण आपली कितीतरी माणसं पाच पाच वर्षं इथे राहून, टॅक्स भरून, "आपल्याला कुठलं मत" म्हणून यादीत नावच घालत नाहीत. फॉर्म सरकारी वेबसाइटवर आहे. निवडणूक २४ सप्टेंबर २०२६ ला आहे आणि यादी त्याच्या आधी बंद होते, म्हणून जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्यांवर ढकलू नका. तुमच्या नवऱ्याचं मात्र या वेळी जमणार नाही, नोव्हेंबरात आलेल्या माणसाचे १२ महिने सप्टेंबरात भरत नाहीत.

आता नगरपालिका की विधिमंडळ. हे पूर्ण विधिमंडळ आहे. आइल ऑफ मॅन युनायटेड किंगडमचा भाग नाही, ते ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीतलं वेगळं बेट आहे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडन बघतं, पण आयकर, शिक्षण, दवाखाने, पोलीस, घरं, कंपनी कायदा हे सगळं इथलं इथे ठरतं. लंडनच्या संसदेत या बेटाचा एकही खासदार नाही, म्हणून तिकडच्या खासदाराला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका (नवीन आलेली माणसं हे हमखास करतात). बेटाच्या संसदेचं नाव टिनवल्ड. तिचं खालचं सभागृह म्हणजे हाऊस ऑफ कीज, त्यात २४ मेंबर, त्यांना एमएचके म्हणतात. १२ मतदारसंघ, प्रत्येकातून दोन, ही समान वाटणी २०१६ पासूनची. त्याआधी कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन असा मामला होता. वरचं सभागृह म्हणजे लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, त्यातले आठ जण कीजचे मेंबर निवडतात आणि बाकीचे पदसिद्ध असतात. आपल्याकडच्या विधानसभा आणि विधान परिषदेची कल्पना डोळ्यासमोर आणलीत तर फार चुकणार नाही: कौन्सिल बिल तपासते, दुरुस्त्या सुचवते, फार तर अडवून उशीर करते, पण लोकांनी निवडलेल्या सभागृहाने ठरवलंच तर शेवटचा शब्द त्यांचा.

मात्र एक गोष्ट आपल्याकडे नाही आणि तीच गोंधळात टाकते. ही दोन सभागृहं वेगवेगळी बसतात, आणि महिन्यातून एकदा, साधारण तिसऱ्या मंगळवारी, एकत्रही बसतात, त्याला टिनवल्ड कोर्ट म्हणतात. कोर्ट म्हटलं तरी न्यायालय नव्हे. बिलं कीजमध्ये आणि कौन्सिलमध्ये पास होतात, पण बजेट, धोरणं आणि खात्यांनी काढलेले बरेचसे नियम या एकत्र बैठकीत मंजूर होतात, तिथेही दोन्ही सभागृहांची मतं वेगळी मोजतात.

म्हणून माझ्या मते तुमचा खरा प्रश्न "मेंबरला लिहून उपयोग आहे का" हा नाहीच. खरा प्रश्न आहे की तुमचं कुठलं काम कुठल्या टेबलावर आहे आणि ते तिथे कधी येतं. उपयोग बहुतेक वेळा होतो, पण चुकीच्या वेळी चुकीच्या टेबलावर टाकलेलं पत्र नम्र उत्तर घेऊन परत येतं, आणि माणूस म्हणतो इथे कोणी ऐकत नाही.

तुमचेच तीन प्रश्न घेऊ. घरभाडं: तुमच्या घरमालकाने करारात नसताना वाढ मागितली असेल तर तो आज तुमच्या कराराचा प्रश्न आहे, त्यासाठी अ‍ॅडव्होकेटला करार दाखवा, मेंबर त्यात काही करू शकत नाही. पण भाडेकरूंना एकूण संरक्षण किती असावं हा कायद्याचा प्रश्न, म्हणजे बिल, म्हणजे कीजचं टेबल. नर्सरी: हा पैशाचा प्रश्न. सरकार किती मदत देणार हे ट्रेझरी (अर्थखातं) आणि शिक्षण खात्यात ठरतं आणि फेब्रुवारीत बजेटबरोबर टिनवल्डसमोर येतं, त्यामुळे मार्चमध्ये लिहिलेलं पत्र जवळपास वर्षभर लवकर किंवा महिनाभर उशिरा असतं. सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ योग्य, कारण तेव्हा खाती आपापले आकडे जमवत असतात. व्हिसा: नियम इथले वेगळे असले तरी बहुतांशी लंडनच्या नियमांशी जुळवून घेतलेले असतात, बदल टिनवल्डसमोर मांडले जातात पण कीजमध्ये बिलासारखी कलमवार चर्चा होत नाही. इथे मेंबरचा हात सगळ्यात तोकडा. तरी तुमच्या वैयक्तिक केसमध्ये खात्याकडून उत्तरच येत नसेल तर मेंबरने केलेली विचारणा कामाला येते, हे मी पाहिलंय. आणि कचऱ्याचा डबा उचलला नाही यासारख्या गोष्टी यातल्या कशातच येत नाहीत, त्या ऑन्कनच्या कमिशनर्सकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेकडे.

आता कीजमध्ये बिल कसं चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गंमत तिथे आहे. पहिलं वाचन नावापुरतं, चर्चा नसते. दुसऱ्या वाचनाला तत्त्वावर चर्चा: असा कायदा हवा की नको. मग येते क्लॉजेस स्टेज, म्हणजे एकेक कलम घेऊन मंजूर करायचं, आणि दुरुस्त्या याच वेळी येतात. मग तिसरं वाचन, मग कौन्सिल, कौन्सिलने काही बदललं तर परत कीजकडे. सगळं जमलं की टिनवल्डच्या बैठकीत मेंबर बिलावर प्रत्यक्ष सह्या करतात, आणि मग राजमान्यता.

सामान्य माणसाने बोलायची वेळ म्हणजे दुसरं वाचन झाल्यापासून क्लॉजेस स्टेजपर्यंतचे ते थोडे दिवस. त्याआधी खातं जे कन्सल्टेशन काढतं ती त्याहूनही चांगली वेळ, पण तेव्हा बहुतेकांना पत्ताच नसतो. तिसऱ्या वाचनाच्या आदल्या दिवशी आलेल्या भावनिक इमेलचा उपयोग जवळपास शून्य. आमच्या क्षेत्रातल्या एका बिलात कागद दाखल करायची मुदत नुसती "दिवस" अशी लिहिली होती, ख्रिसमस आणि ईस्टरच्या सुट्ट्या धरल्या तर छोट्या ऑफिसांना ती पाळणं अशक्य होतं. आम्ही कुठलंही लांबलचक निवेदन दिलं नाही. कलमाचा नंबर, आत्ताचे शब्द, हवे असलेले शब्द, आणि डिसेंबरातल्या एका खऱ्या आठवड्याचं उदाहरण, एवढं एका पानात लिहून दोन मेंबरना पाठवलं. त्यातल्या एकाने फोन करून दोन प्रश्न विचारले, आणि क्लॉजेस स्टेजला "कामकाजाचे दिवस" अशी दुरुस्ती आली आणि विरोधाशिवाय पास झाली. दर वेळी असं होतं असं अजिबात नाही, तो बदल कोणालाच महाग पडणारा नव्हता म्हणून सहज झाला. पण २४ जणांच्या सभागृहात एका माणसाला मुद्दा पटला की तो सभागृहापर्यंत पोचतो, हे मोठ्या विधिमंडळात होत नाही.

मोठ्या वादाच्या बिलातही हेच दिसतं, फक्त वेळ जास्त लागतो. कीजचे मेंबर डॉ. अ‍ॅलेक्स अ‍ॅलिन्सन यांचं इच्छामरणाचं खासगी विधेयक बघा. असाध्य आजारी माणसाला हा पर्याय मिळायला बेटावर किती वर्षं राहिलेलं हवं यावर केवढी ओढाताण झाली, कीजने ती अट पाच वर्षांवर नेली, बिल कौन्सिलमध्ये गेलं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ते दोन्ही सभागृहांतून पार पडलं. तुमच्या-माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांवर थेट परिणाम करणारी ती अट एका कलमात होती, आणि ज्यांनी ते कलम वाचलं होतं तेच त्यावर बोलू शकले.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. इथे पक्ष जवळजवळ नाहीत. २०२१ च्या निवडणुकीत २४ पैकी २१ अपक्ष निवडून आले, लेबर पक्षाचे दोन आणि लिबरल व्हॅनिन या इथल्या पक्षाचा एक. म्हणजे पक्षाचा व्हिप, पक्षांतरबंदी, हायकमांड हे आपल्याला सवयीचं काहीच नाही, मेंबरला पटवणं म्हणजे खरंच त्या माणसाला पटवणं. ऐकायला छान वाटतं, पण दुसरी बाजू अशी की मंत्रिमंडळ याच छोट्या सभागृहातून बनतं. चीफ मिनिस्टर धरून मंत्र्यांचीच संख्या सभागृहाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जाते, आणि बाकीच्यांपैकी बरेच कुठल्या ना कुठल्या खात्याचे "मेंबर" म्हणून नेमलेले असतात. मंत्र्याला सामूहिक जबाबदारी पाळावी लागते, खात्याच्या मेंबरला निदान आपल्या खात्याविरुद्ध बोलताना अवघडायला होतं. ज्याच्या अंगावर कसलंच सरकारी काम नाही असे मेंबर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहतात. बेटाच्या कारभारात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच, सरकारला जाब विचारायला पुरेशी मोकळी माणसंच उरत नाहीत, आणि लोकसंख्या ८४ हजार असलेल्या जागेत यावर सोपा उपायही दिसत नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की लिहिण्याआधी तुमच्या मतदारसंघाचे दोघे मेंबर काय काम करतात ते बघा. एक मंत्री असेल आणि विषय त्याच्याच खात्याचा असेल तर त्याला लिहिणं म्हणजे खात्यालाच लिहिणं. उत्तर पक्कं मिळेल पण खात्याची बाजू मांडणारं. दुसरा मोकळा असेल तर त्याला सांगा की सभागृहात लेखी प्रश्न विचारा. लेखी प्रश्नाला सरकारला आकड्यांनिशी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर सगळ्यांना वाचायला मिळतं. माझ्या अनुभवात "कृपया काहीतरी करा" यापेक्षा "हा प्रश्न विचाराल का" या विनंतीला मेंबर कितीतरी पटीने लवकर हो म्हणतात, कारण त्यांना नक्की काय करायचं ते कळतं. दोघांना वेगवेगळं लिहा, एकाच इमेलमध्ये दोघांची नावं नकोत, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. पत्ता द्या, म्हणजे तुम्ही त्यांच्याच मतदारसंघातल्या आहात हे कळेल. अजून यादीत नाव नसलं तरी लिहायला हरकत नाही, पासपोर्ट कोणी विचारत नाही.

एकदा गॅलरीत बसून बघाच, सुट्टीचा मंगळवार मिळाला तर. डग्लसमधली विधिमंडळाची इमारत, थरांच्या पांढऱ्या दर्शनी भागामुळे लोक तिला वेडिंग केक म्हणतात. सकाळी स्पीकर बेटाच्या मूळ मँक्स भाषेत "मोरा माय" म्हणून सुप्रभात करतात, मेंबर एका सुरात तसंच उत्तर देतात, प्रार्थना होते आणि लगेच प्रश्नोत्तरं सुरू. खोली लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, कोणी कागद न वाचता आलाय हे वरून स्पष्ट दिसतं. जाता नाही आलं तर आवाज लाइव्ह ऐकता येतो आणि शब्दशः इतिवृत्त वेबसाइटवर येतं. तुमच्या मेंबरचं नाव शोधून त्याने घरांवर काय म्हटलंय ते वाचा आणि मगच लिहा, पत्राचा सूरच बदलतो.

हे सगळं इतकं खुलं कायम नव्हतं बरं का. १८६६ पर्यंत कीजला लोक निवडतच नव्हते, जागा रिकामी झाली की उरलेले मेंबरच नवा माणूस घ्यायचे, म्हणजे चार घराण्यांचा कारभार. १८६४ मध्ये जेम्स ब्राउन नावाच्या संपादकाने पेपरात कीजवर कडक टीका केली तर सभागृहाने त्याला बोलावून अवमानाबद्दल थेट तुरुंगात टाकलं, कॅसल रशनच्या किल्ल्यात. लंडनच्या क्वीन्स बेंच कोर्टाने त्याला सोडवलं, आणि न निवडलेल्या सभागृहाची लाज चव्हाट्यावर आली. त्याच सुमाराला गव्हर्नर हेन्री लॉक यांना बंदरं बांधायला जकातीचा पैसा हवा होता, आणि लोकनियुक्त सभागृह येत असेल तरच पैसा हातात देऊ अशी लंडनची भूमिका होती. दोन्ही गोष्टी जुळून आल्या, १८६६ ला कायदा झाला आणि १८६७ ला पहिली निवडणूक. पुढे १८८१ च्या निवडणुकीत मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांनी कीजसाठी मतदान केलं, लंडनच्या संसदेसाठी बायकांना मत मिळायच्या कितीतरी आधी. सगळ्या प्रौढांना मत १९१९ मध्ये, पहिल्या महिला मेंबर मॅरियन शिमिन १९३३ मध्ये, आणि २००६ पासून १६ वर्षांच्या मुलांना मत. कॅसलटाउनला जुनं सभागृह जपून ठेवलंय, मुलगी जरा मोठी झाली की घेऊन जा.

आत्तापर्यंतचं एका दमात: तुम्ही मत देऊ शकता, नवरा या वेळी नाही, कायदा कीजमध्ये, पैसा आणि नियम टिनवल्डमध्ये, घराजवळच्या सोयी कमिशनर्सकडे, आणि बिलावर बोलायचं तर क्लॉजेस स्टेजच्या आधी.

राहिलं ५ जुलैचं, तुम्ही त्याबद्दलही ओझरतं विचारलंय. त्या दिवशी सेंट जॉन्सला चार पायऱ्यांच्या त्या हिरव्या टेकडीवर टिनवल्ड उघड्यावर भरतं, वर्षभरातल्या कायद्यांची नावं इंग्लिश आणि मँक्समध्ये वाचून दाखवतात. हा नुसता देखावा नाही, कायदा मंजूर झाल्यापासून १८ महिन्यांत असा जाहीर झाला नाही तर तो रद्द होतो. आणि त्याच वेळी कोणीही सामान्य माणूस टेकडीच्या पायथ्याशी जाऊन गाऱ्हाण्याचा अर्ज देऊ शकतो. अर्ज नियमात बसला आणि नंतर एखाद्या मेंबरने तो उचलून धरला तर त्यावर समिती बसू शकते. पण हा मार्ग सार्वजनिक अन्यायासाठी, दुसरे सगळे उपाय थकल्यावरचा. एका घरमालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी नाही. भाडेकरूंच्या कायद्यातली त्रुटी दाखवायची असेल आणि तुमच्यासारखी आणखी चार कुटुंबं सोबत असतील तर विचार करण्यासारखा आहे.

शेवटी सप्टेंबरच्या मतदानाबद्दल. तुमच्या मतदारसंघातून दोघे निवडायचे म्हणून तुम्हाला दोन मतं मिळतील, पण दोन्ही वापरलीच पाहिजेत असं नाही. एकच उमेदवार मनापासून हवा असेल तर दुसरं मत उगीच कोणाला देऊ नका, कारण ते मत तुमच्याच उमेदवाराला मागे टाकायला पुरेसं ठरू शकतं, इथली मुरलेली माणसं हे नेहमी करतात. उन्हाळ्यात उमेदवार दारोदार फिरतात, तुमच्याही दारात येतील, आणि गावागावात सभा होतात ज्यात सगळे उमेदवार एका रांगेत बसून मतदारांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, त्यांना रिक्विझिशन मीटिंग म्हणतात. तिथे पक्षाचा जाहीरनामा नसल्यामुळे "तुम्ही घरांसाठी काय कराल" याला प्रत्येक जण गोड उत्तर देतो. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. निवडून आल्यावर चीफ मिनिस्टर म्हणून कोणत्या विचाराच्या माणसाला मत देणार, कारण २०२१ पासून चीफ मिनिस्टर एकटं कीज निवडतं आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच होतं. खात्याची जबाबदारी मिळाली आणि भाडेकरूंच्या प्रश्नावर खात्याशी मतभेद झाला तर पद सोडणार की गप्प बसणार. आणि नर्सरीच्या मदतीचा आकडा वाढवायचा तर कुठल्या खर्चातून. तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो पण प्रामाणिकपणे हिशोब मांडायचा प्रयत्न करतो, त्याच्याशी मीटिंग संपल्यावर दोन मिनिटं बोला आणि त्याचा इमेल घेऊन ठेवा. तुमच्या कराराचं पान (नावं झाकून) इथे टाकलंत तर भाडेवाढीचं कलम काय म्हणतंय ते मी वाचून सांगते.